रिटर्न आलं, आता काय?

घरातून किंवा छोट्या गाळ्यातून ऑनलाइन विक्री करणाऱ्या ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांचे या महिन्यातले बहुतेक प्रश्न परत येणाऱ्या मालाबद्दलचे आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी ऐरोलीतून इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कॉटनच्या कुर्ती विकते. प्रोफाइलवर ‘नो रिटर्न, नो एक्स्चेंज’ असं ठळक लिहिलं आहे. तरी एका ताईंनी ‘रंग फोटोसारखा नाही’ म्हणून पैसे परत मागितले. मी नाही म्हणू शकते का?

त्या एका ओळीच्या भरवशावर नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 सालच्या जुलैपासून लागू आहेत. माल सदोष किंवा बनावट निघाला, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसला किंवा कबूल केलेल्या वेळेनंतर पोहोचला, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही, असं हे नियम सांगतात. उशीर पुरासारख्या आवाक्याबाहेरच्या कारणाने झाला असेल तर तेवढी सूट आहे. नियमितपणे विक्री करणाऱ्या प्रत्येकाला हे लागू होतं, मग विक्री मोठ्या मार्केटप्लेसवर (अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या) असो की स्वतःच्या पानावर. घरातला जुना फोन एकदाच विकणारा माणूस त्यात येत नाही.

मात्र ‘आवडली नाही’, ‘नणंदेनेही तशीच घेतली’ अशा कारणांसाठी माल परत घेण्याची सक्ती कायद्याने केलेली नाही. तिथे तुम्ही आधी जे जाहीर केलं असेल तेच चालतं, आणि ते तुम्हालाही बांधून ठेवतं. म्हणून विनंती आली की हो-नाही करण्याआधी कारण विचारा आणि ते लेखी घ्या. चूक आपली असेल किंवा वाटेत नुकसान झालं असेल, तर दोन्ही बाजूंचं कुरिअर आपलं. माप बसत नसेल तर बदली, आणि तिचा खर्च कोणाचा हे आधीच ठरलेलं असावं. मन बदललं असेल तर तुमच्या जाहीर धोरणाप्रमाणे.

रंगाची तक्रार या सगळ्यांच्या मधोमध पडते, म्हणून ती सर्वांत जास्त भांडणं लावते. पिवळ्या एलईडीखाली काढलेल्या फोटोत मोरपंखी रंग हिरव्याकडे झुकतो आणि राणी रंग लालसर दिसतो. त्यावर फिल्टर लावला की फोटोतला रंग कापडात सापडतच नाही. सकाळी दहा-अकराच्या सुमारास खिडकीजवळ, थेट ऊन न पडू देता, कोपऱ्यात पांढरा कागद ठेवून एक फोटो काढा. दुसरा फोटो विणीचा अगदी जवळून घ्या, आणि दहा सेकंदांचा व्हिडिओ उघड्यावर. तक्रार आली की ताईंनाही खिडकीजवळ पांढऱ्या कागदाशेजारी कुर्ती ठेवून फोटो पाठवायला सांगा. दोन्ही फोटो जुळले तर नम्रपणे बदलीचा पर्याय द्या. तुमच्या मूळ फोटोवर फिल्टर असेल तर वाद न घालता पैसे परत करा. तो माल जाहिरातीसारखा नव्हता.

धोरण चार ओळींत बसतं : ‘माल मिळाल्यापासून 48 तासांत फोटोसह कळवा. कपडा न धुतलेला, अत्तर न लावलेला आणि टॅगसकट असावा. साइझ एकदा बदलून मिळेल, परत पाठवण्याचं कुरिअर ग्राहकाचं. चूक आमची असेल तर दोन्ही कुरिअर आमचे आणि पूर्ण पैसे परत.’ हे प्रोफाइलवर ठेवाच, शिवाय पैसे येण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पैसे घेतल्यानंतर सांगितलेली अट ग्राहकाने मान्य केली होती, असं दाखवणं अवघड जातं. ‘अनबॉक्सिंग व्हिडिओ नाही तर रिफंड नाही’ हे वाक्य सध्या सगळीकडे दिसतं. व्हिडिओ मागायला हरकत नाही, पण तशी अट कायद्यात नाही. फोटोत दोष स्वच्छ दिसत असताना केवळ व्हिडिओ नाही म्हणून अडवू नका. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात, हेही याच नियमांत आहे.

प्रश्न : घोडबंदर रोडला आमचं मिक्सरचे जार आणि सुट्या भागांचं काम आहे. दोन मार्केटप्लेसवर विकतो. परत आलेल्या खोक्यात वापरलेला, दुसऱ्याच कंपनीचा जार निघतो. क्लेम टाकला की ‘पुरावा अपुरा’ म्हणून नामंजूर होतो. पुरावा नेमका कसा द्यायचा?

क्लेम तपासणाऱ्या माणसाने तुमचा जार कधी पाहिलेला नसतो. हेच पार्सल, याच ऑर्डरचं, आणि आत दुसरीच वस्तू, एवढ्या तीन गोष्टी त्याला दोन मिनिटांत दिसाव्या लागतात. त्यातली एक जरी तुटली तरी क्लेम पडतो. हा पुरावा माल पाठवण्याच्या दिवसापासून तयार होत असतो. परतीच्या दिवशी सुरुवात केली तर अर्धा आधीच हातातून गेलेला असतो.

जारला सीरियल नंबर नसतो, म्हणून खूण तुम्ही करायची. तळाच्या कपलरजवळ (मिक्सरवर बसतो त्या चकतीजवळ) यूव्ही पेनने ऑर्डरचे शेवटचे चार आकडे लिहा. साध्या उजेडात ते दिसत नाहीत, यूव्ही टॉर्चखाली उमटतात, आणि माल वापरलेला वाटत नाही. खोक्याच्या तोंडावर उघडल्यावर ‘व्हॉइड’ असं उमटणारी सीलटेप लावा. मग एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर बंद खोकं ठेवून वजन पावतीच्या आपल्या प्रतीवर लिहा. गेलेलं खोकं 820 ग्रॅमचं आणि आलेलं 700 ग्रॅमचं असेल, तर टेप कापण्याआधीच तुम्हाला अंदाज आलेला असतो.

पाठवतानाचा व्हिडिओ 30-40 सेकंदांचा पुरतो : पावती, टॉर्चखालची खूण, जार खोक्यात, टेप, वर चिकटवलेलं लेबल. फाइलला ऑर्डर नंबरचंच नाव द्या. एक व्हिडिओ 30 एमबीचा धरला तर रोज 20 ऑर्डरींचे महिन्याला 18 जीबी होतात. म्हणून 720पीवर शूट करा, आणि रिटर्नची मुदत व क्लेमची मुदत दोन्ही उलटल्यावरच फाइल पुसा. बरेच जण पैसे खात्यात आले की पुसतात आणि रिटर्न त्यानंतर येतं.

परतीच्या वेळी पहिली चूक दारातच होते. पिकअपवाला पोतंभर पार्सलं टेकवतो आणि एकाच ओटीपीवर सगळी उतरवून मोकळा होतो. ओटीपी देण्याआधी प्रत्येक पार्सलचा एडब्ल्यूबी नंबर (लेबलवरचा कुरिअरचा क्रमांक) मोबाइलवर स्कॅन करा. मार्केटप्लेसच्या विक्रेता-पॅनलवर आठ दिसतात आणि हातात सात असतील तर तिथेच थांबवा. फाटलेलं किंवा दुसऱ्या टेपने चिकटवलेलं पाकीट असेल तर त्याच्या यंत्रावर किंवा पावतीवर तसा शेरा घ्या. तो नाही म्हणाला तर त्याच्यासमोर फोटो काढा.

उघडतानाचा व्हिडिओ एका दमात हवा. मोबाइल स्टँडवर लावा, कारण एका हाताने धरलेल्या फोनमध्ये नेमका लेबल कापताना कॅमेरा छताकडे जातो. लेबल वाचता येईल इतकं जवळ धरा, सहाही बाजू फिरवा, काट्यावरचं वजन दाखवा, मग कापा. आतली वस्तू लेबलशेजारी ठेवा, खुणेची जागा टॉर्चखाली दाखवा, आणि शेवटी आपला मूळ जार बाजूला ठेवून दोन्ही एकत्र. मध्ये फोन वाजला आणि शूटिंग थांबलं तर तो पुरावा गेला म्हणून समजा. फोन ‘एअरप्लेन मोड’वर टाकूनच सुरुवात करा.

क्लेम भरताना कारण बरोबर निवडणं फार महत्त्वाचं आहे. दुसरीच वस्तू आलेली असताना ‘डॅमेज’ निवडलं की तपासणारा तुटफूट शोधतो, ती दिसत नाही, आणि नामंजूर होतं. अ‍ॅमेझॉनवर हा क्लेम सेफ-टी नावाने, फ्लिपकार्टवर एसपीएफ नावाने असतो. मुदत रिटर्न पोहोचल्यापासून मोजली जाते आणि दोन्हीकडे सारखी नसते. ती पॅनलवर पाहून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आलेलं पार्सल त्याच दिवशी उघडायची शिस्त लावली तर मुदतीचा प्रश्नच येत नाही. मजकूर तीन वाक्यांत लिहा : काय पाठवलं, काय आलं, कोणत्या सेकंदाला काय दिसतं. राग त्यात नको, माहिती हवी. नामंजूर झालं तर तेच पुन्हा पाठवू नका. नकाराचं कारण वाचून नेमकी ती उणीव भरून अपील करा.

प्रश्न : कळव्यातून साड्या विकते. परत आलेल्या साडीत काय काय तपासावं?

आधी लांबी. ब्लाउजपीससकट साडी साधारण 6.3 मीटर असते, ब्लाउजपीस कापला की 5.5 मीटरच्या आसपास उरते. घडी न मोडता कडेने टेप लावून मोजता येते, पाच मिनिटं लागतात. प्रत्येक साडीची नेमकी लांबी पाठवण्याआधी मोजून ठेवलेली असली तर वाद राहत नाही. मग खालच्या काठाला फॉल-पिकोच्या टाक्यांची भोकं आहेत का ते उजेडासमोर धरून पाहा. निऱ्यांच्या जागी पिनांच्या खुणा, पदराला अत्तर किंवा धुपाचा वास. एखाद्या समारंभात नेसून परत केलेली साडी वासावरूनच सहसा कळते. टॅग ब्लाउजपीसच्या टोकाला न लावता पदरावर, बाहेरून दिसेल असा, एकदा तोडला की पुन्हा न जोडता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या दोऱ्याने लावा आणि ‘टॅग काढल्यास परत नाही’ हे टॅगवरच छापा. टॅग मिरवत कोणी साडी नेसत नाही.

फॉल-पिको करून दिलेली साडी केवळ नावडीसाठी परत न घेणं रास्त आहे. तीच साडी विरलेली निघाली किंवा पहिल्या धुण्यात रंग गेला तर मात्र फॉल लावलेला असला तरी जबाबदारी तुमचीच.

प्रश्न : खारघरहून मातीच्या पणत्या आणि सिरॅमिकचे मग पाठवतो. ‘फ्रॅजाइल’ स्टिकर लावूनही फुटतात. फुटलेला माल परत मागवावा का?

परत मागवू नका. फुटलेल्या मगाचं परतीचं कुरिअर मगाच्या किमतीइतकं होतं, आणि हाती येतात खापऱ्या. खोकं, लेबल आणि तुकडे असे तीन फोटो मागवा, आणि 12 पैकी 3 पणत्या फुटल्या असतील तर तीन नव्या की तेवढे पैसे, हे ग्राहकाला ठरवू द्या. कुरिअरकडे भरपाई मागायची असेल तर हेच फोटो त्याच दिवशी पाठवावे लागतात. नुकसानीच्या दाव्याची त्यांची मुदत फार छोटी असते.

स्टिकरचा उपयोग होत नाही, कारण भिवंडीच्या गोदामांत पार्सलं पट्ट्यावरून घसरत, एकमेकांवर आदळत जातात, आणि पट्टा स्टिकर वाचत नाही. पार्सल कमरेएवढ्या उंचीवरून पडणारच असं धरून बांधा. प्रत्येक नग वेगळा गुंडाळा, दोन नग एकमेकांना लागता कामा नयेत, आणि सगळ्या बाजूंनी 5 सेंटिमीटर भरावाची जागा सोडा. खोकं पाच पदरी, टेप 48 मिलिमीटरची आणि ‘एच’ आकारात, म्हणजे मधली फट आणि दोन्ही कडा. बांधून झाल्यावर हलवा. आवाज आला तर पुन्हा उघडा. मग एक नमुना कमरेच्या उंचीवरून प्रत्येक बाजूवर आणि एकदा कोपऱ्यावर टाकून पाहा. पावसाळ्यात वर्तमानपत्राचा भराव करू नका. आपल्या हवेतली ओल शोषून तो दोन दिवसांत चपटा होतो आणि मग आत मोकळा नाचू लागतो. बबल रॅप वापरा आणि खोक्याच्या आत एक प्लॅस्टिकची पिशवी घाला.

प्रश्न : रिटर्नचा खर्च किमतीत कसा धरायचा? (वाशी)

उदाहरणाने पाहू. 700 रुपयांची कुर्ती, जाण्याचं कुरिअर 70, परतीचं 80, पॅकिंग 15. एक रिटर्न म्हणजे 165 रुपये गेले. 100 ऑर्डरींत 18 परत आल्या तर 2,970. त्या अठरांतल्या चार डागाळलेल्या, पुन्हा न विकता येणाऱ्या. खरेदी 350 प्रमाणे 1,400. एकूण 4,370 रुपये, आणि हे पैसे मिळवून द्यायचे ते ग्राहकाकडे राहिलेल्या 82 कुर्तींनी. म्हणजे प्रत्येकीवर 53 रुपयांहून थोडं जास्त. बरेच जण 18 टक्के ऐकून अंदाजाने किंमत वाढवतात किंवा काहीच धरत नाहीत. स्वतःचे तीन महिन्यांचे आकडे घेऊन हा हिशोब प्रत्येक वस्तूसाठी वेगळा करा. एकाच लिस्टिंगमध्ये (वस्तूच्या विक्रीच्या पानावर) रिटर्न जास्त येत असेल तर किंमत न वाढवता मापांचा तक्ता तपासा. ‘एल’ लिहून भागत नाही, छाती, उंची आणि बाही इंचांत लिहा.

आणखी एक गळती आकाराची. कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा 5000 ने भागतात आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त भरलं तर तेच धरतात. 30 बाय 20 बाय 4 च्या पाकिटाचं 480 ग्रॅम होतं. ग्राहकाने तीच कुर्ती 30 बाय 25 बाय 10 च्या खोक्यात परत पाठवली तर दीड किलोचं बिल येतं. मूळ पाकीटच पुन्हा वापरायला सांगा आणि त्याला दुसरी चिकटपट्टी लावून पाठवा.

प्रश्न : सीओडीची (माल हाती आल्यावर पैसे) पार्सलं न घेताच परत येतात. (नेरूळ)

पॅनलवर याला आरटीओ म्हणतात, रिटर्न टू ओरिजिन. हे ग्राहकाचं रिटर्न नव्हे, त्यामुळे हिशोब वेगळा ठेवा. पाठवण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हो’ घ्या, आणि शक्य असेल तिथे जाण्या-येण्याच्या कुरिअरएवढी रक्कम आगाऊ. आपल्या भागातल्या ऑर्डरींत पत्ता नीट वाचा : ‘सेक्टर 10’ वाशीतही आहे, नेरूळमध्येही आणि खारघरमध्येही. नोडचं (वाशी, नेरूळ अशा उपनगराचं) नाव आणि पिनकोड जुळत नसेल तर फोन केल्याशिवाय पार्सल सोडू नका. ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा दिसला की त्याच दिवशी ग्राहकाला फोन करा. सहसा तीन प्रयत्नांनंतर पार्सल मागे फिरतं.

प्रश्न : जीएसटी नोंदणी आहे. परत आलेल्या मालाचं बिल रद्द करायचं का? (वागळे इस्टेट)

बिल खोडू नका, क्रमांकही पुन्हा वापरू नका. माल परत आला आणि पैसे दिले की क्रेडिट नोट (मूळ बिलातली रक्कम कमी झाल्याचा कागद) काढा. तिच्यात मूळ बिलाचा क्रमांक, तारीख आणि मूळ बिलातलाच कराचा दर हवा. नोंदणी नसलेल्या ग्राहकांची छोटी विक्री जीएसटीआर-1 या विक्रीच्या विवरणात परतावे वजा करून दाखवली जाते, नोंदणीकृत ग्राहकाची क्रेडिट नोट स्वतंत्र. मार्चमध्ये विकलेला माल एप्रिलमध्ये परत येतो तेव्हा सगळे गोंधळतात. त्या आर्थिक वर्षानंतर येणाऱ्या 30 नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक विवरण भरलं तर तोपर्यंत, कर कमी करून घेता येतो. नंतर तो खिशातून जातो. मार्केटप्लेस तुमच्या विक्रीवर कापते तो टीसीएस नावाचा करही परतावे वजा जाता उरलेल्या रकमेवर असतो, म्हणून पॅनलचा अहवाल आणि तुमच्या क्रेडिट नोटा दर महिन्याला जुळवा.

प्रश्न : ‘चुकून जास्त पैसे पाठवले, फरक लगेच परत करा’ असा फोन आला, स्क्रीनशॉटही आला. (कळवा, नौपाडा)

स्क्रीनशॉट किंवा मेसेज पाहून एक रुपयाही पाठवू नका. बँकेच्या अ‍ॅपमध्ये स्वतः जमा पाहा. रक्कम खरंच आली असेल तर ती ज्या मार्गाने आली त्याच मार्गाने, मूळ खात्यातच परत करा. दुसऱ्या नंबरवर मागणारा माणूस ग्राहक नसतो. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर होईल तितकी रक्कम पुढे सरकते.

प्रश्न : नागपूरचा ग्राहक ‘ग्राहक आयोगात जाईन’ म्हणतो. मी कोपरखैरण्यात, तो तिकडे केस करू शकतो का?

करू शकतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार दाखल होते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरून तक्रार आली तर तो समझोत्याचा टप्पा असतो, तिथेच कागद दाखवून मिटवणं स्वस्त पडतं. आयोगाची नोटीस आली तर लेखी उत्तराला 30 दिवस मिळतात आणि फार तर आणखी 15. त्यानंतर दिलेलं उत्तर घेतलं जात नाही, म्हणून नोटिशीचं पाकीट न फोडता ठेवणं ही सर्वांत महाग चूक आहे. मूळ लिस्टिंगचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण, धोरण पाठवल्याचा मेसेज आणि पाठवतानाचा व्हिडिओ त्याच दिवशी एका फोल्डरमध्ये काढा. लिस्टिंग नंतर बदलू नका.

प्रश्न : परत आलेला माल पुन्हा नवा म्हणून विकावा का?

सील जसंच्या तसं असेल तर हो. उघडलेलं पण न वापरलेलं असेल तर ‘ओपन बॉक्स’ असं लिहून, कमी किमतीत. डाग किंवा ओरखडा असेल तर त्याचा जवळून काढलेला फोटो लिस्टिंगमध्ये पहिल्या तीनांत हवा. आतले कपडे, लिपस्टिक, काजळ, उघडलेलं खाद्य हे पुन्हा विकायचं नाही, टाकून द्यायचं. पावसाळ्यात आलेले कपडे पिशवीतून काढून पंख्याखाली रात्रभर पसरा आणि मगच रॅकवर ठेवा. एका ओल्या कुर्तीची बुरशी शेजारच्या गठ्ठ्याला लागते.